शिडाच्या बोटीतली सेवाज्येष्ठता

नागपुरातून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं, आणि तरीही सकाळी तो आलेला नसतो. अशा गावात तीन निवृत्त माणसांनी मिळून शिडाची बोट घेतली. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी ओता म्हटलं तर ज्यांची कंबर धरते, तीच ही माणसं. त्यातला एक माझा नवरा होता. त्यामुळे मला हा तमाशा पहिल्या रांगेतून, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकावर बसून, बघावा लागला. तिथे मी कशी जाऊन बसले ते सांगतेच.

तिघेही एकाच वीज केंद्रात नोकरीला होते. पहिले साहेब. सगळ्यात वरच्या पदावरून निवृत्त झालेले, अंगाने भरदार, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. दुसरे स्टोअरवाले, म्हणजे भांडार विभाग सांभाळणारे. साहेबांनी काही म्हटलं की मान हलवायची आणि साहेब गप्प झाले की डुलकी काढायची, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं असावं. तिसरा माझा नवरा. पद सगळ्यात खालचं, काम सगळ्यात जास्त.

वसाहतीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. तिथे गणपतीच्या आरतीलासुद्धा लोक पदाप्रमाणे उभे राहायचे. हळदीकुंकवाला कोणत्या बाईने कोणत्या खुर्चीवर बसायचं ते नवऱ्याच्या पगारावरून ठरायचं, आणि मी एकदा चुकून वरच्या खुर्चीवर बसले तर दोन महिने मला कोणी वाटीभर विरजण दिलं नाही. निवृत्तीनंतर आम्ही प्रताप नगरात घर घेतलं. आता सुटलो असं मला वाटलं. पण साहेबांनीही तिथेच, दोन गल्ल्या सोडून, घर बांधलं. सकाळी फिरायला निघाले की साहेब मध्ये, स्टोअरवाले त्यांच्या शेजारी आणि माझा नवरा अर्धं पाऊल मागे. मी गच्चीवरून बघायचे आणि माझं डोकं फिरायचं. माझ्या माहेरी साहेब हा शब्द भिंतीवरच्या, निळ्या कोटातल्या एका फोटोसाठी राखून ठेवलेला होता. बाकी सगळे नोकरीवाले, असं माझे वडील म्हणायचे. आणि इथे माझा नवरा निवृत्त होऊनही रोज सकाळी कोणाच्या तरी मागे चालत होता.

बोटीची कल्पना साहेबांची. त्यांच्या मुलाने परदेशातून कुठल्याशा बंदरातले फोटो पाठवले होते. त्यात गोरे म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून शिडाच्या बोटी हाकत होते. साहेबांनी ते फोटो तीन दिवस सगळ्यांना दाखवले आणि चौथ्या दिवशी जाहीर केलं की आपणही कोकण किनाऱ्याने बोट न्यायची. स्टोअरवाल्यांनी मान हलवली. माझा नवरा म्हणाला, "हो साहेब."

नवऱ्याच्या ह्या 'हो साहेब'चे बरेच प्रकार होते आणि मला ते सगळे भिंतीपलीकडूनही ओळखता यायचे. एक पटल्यावरचा होता, तो क्वचित यायचा. एक न पटल्यावरचा, त्यात 'हो' जरा लांबायचा. आणि एक असा होता की समोरचा माणूस चुकतोय, त्यातून नुकसान होणार आहे आणि ते आपल्यालाच निस्तरावं लागणार आहे हे पक्कं माहीत असताना म्हटलेला. हा तिसरा सगळ्यात गोड आवाजात यायचा. आमच्या घरात त्याने मलाही कधी नाही म्हटलं नव्हतं. पण ती वेगळी गोष्ट आहे. घरात मी बरोबर असते.

बोट बघायला तिघे पुण्याकडच्या एका धरणावर गेले. तिथे जुन्या बोटी विकायला होत्या. मीही गेले, कारण नवऱ्याच्या पथ्याचा डबा करायला दुसरं कोणी नव्हतं. नवऱ्याने तोपर्यंत नौकानयनाची दोन जाडजूड पुस्तकं वाचून काढली होती. त्याला एक बोट आवडली. आखूड, बुडाला रुंद, कडा उंच, रंग उडालेला. त्याने वाकून तिचं बूड बघितलं, फायबरवर बोटाने टकटक केलं, मधली फळी खाली-वर करून पाहिली. ही फळी पाण्यात सोडली की बोट वाऱ्याने आडवी सरकत नाही, असं त्याने मला समजावलं. कडा उंच असल्या की लाट आत येत नाही, हेही सांगितलं. मला एवढं सांगितलं, म्हणजे साहेबांनाही सांगेल असं मला वाटलं.

साहेब दुसऱ्या बोटीत जाऊन बसले होते. ती लांब, निमुळती, बुटक्या कडांची होती. तिच्या मागच्या टोकाला, सुकाणूपाशी, निळ्या रेक्झिनची ऐसपैस गादी होती आणि पाठ टेकायला चकचकीत दांडी. साहेबांनी गादीवर दोन्ही हात पसरले आणि विचारलं, "काय गा, कशी आहे?"

"हो साहेब," नवरा म्हणाला. तिसऱ्या प्रकारचा.

तर अशी बोट निवडली गेली. माणसं सोफासुद्धा ह्याहून जास्त विचार करून घेतात. साहेबांनी तिला आपल्या बायकोचं नाव दिलं. ते मी इथे लिहीत नाही, त्या बिचारीचा काही दोष नव्हता. ती एकदाही बोटीत बसली नाही. आमच्यातली खरी शहाणी तीच.

सरावासाठी सावनेरच्या पुढचा एक तलाव ठरला. दर रविवारी सकाळी साहेबांची गाडी, मागे ट्रॉलीवर बोट. कोराडीवरून जाताना कोळशाच्या ट्रकांची रांग लागायची आणि ट्रकवाले खिडकीतून डोकं काढून विचारायचे, "ओ काका, कहाँ ले जा रहे नैया?" साहेब काच वर करायचे. तलावापर्यंत पोहोचता पोहोचता पांढऱ्या बोटीवर राखेचा थर बसलेला असायचा. तो पुसायचं काम माझ्या नवऱ्याचं.

आणि मग ते बोटीत बसायचे. पदाप्रमाणे. साहेब मागे गादीवर, सुकाणूचा दांडा हातात, कारण सुकाणू म्हणजे मुख्य खुर्ची. स्टोअरवाले साहेबांच्या शेजारी, कारण त्यांचं पद दुसरं. माझा नवरा मध्ये डोलकाठीपाशी, शीड चढवायला, उतरवायला, शिडाचा दोर ओढायला, फळी सोडायला, आत आलेलं पाणी उपसायला. थोडक्यात, बोट चालवायला. आता साहेब आणि स्टोअरवाले मिळून दीड क्विंटलच्या खाली नसावेत. ते दोघे मागे बसले की बोटीचं बूड पाण्यात आणि नाक आभाळाकडे. वारा आला की ते वर झालेलं नाक वाऱ्याबरोबर फिरायचं आणि बोट नको तिकडे तोंड करून उभी राहायची. काठावरच्या बकऱ्या चारणाऱ्या बाया लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचे, पण मला पदर लावायची गरज वाटत नसे.

एका संध्याकाळी नवऱ्याने स्वयंपाकघरात परातीत पाणी घेतलं. त्यात स्टीलची लांबट थाळी तरंगवली आणि थाळीच्या एका टोकाला मोठा बटाटा ठेवला. मग परातीतलं पाणी हाताने हलवलं. एक लहानशी लाट मागून आली आणि बटाट्याच्या बाजूने सरळ थाळीत शिरली. थाळी आडवी फिरली आणि बुडाली. त्याने बटाटा मध्ये ठेवून पुन्हा लाट काढली. थाळी वर-खाली झाली आणि तरंगत राहिली.

"पाहिलं?" तो म्हणाला. "तलावात काही होत नाही. पण समुद्रात मागून लाट आली तर असं होईन."

"मग त्या बटाट्याले सांगा ना मधात बसाले."

तो हसला. "सांगतो या रविवारी."

त्या रविवारी त्याने सांगितलंच. त्याच्या पद्धतीने. "साहेब, वजनाचं थोडं ॲडजस्टमेंट केलं तर बरं होईन," असं म्हणाला. साहेबांनी विचार केला. जागेवरून उठायचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. त्यांची नजर काठावर सतरंजी टाकून बसलेल्या माझ्यावर आली.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही पुढे बसा ना. बॅलन्स होऊन जाईन."

साहेबांना हातभर पुढे सरकवण्यापेक्षा एक बाई आणून नाकावर बसवणं तिघांनाही सोपं वाटलं. मला पोहता येत नाही, हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं. तो म्हणाला, "हो साहेब." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बस ना वं, जरासंच." मी केशरी रंगाचं लाइफ जॅकेट चढवलं आणि जाऊन बसले. त्या दिवसापासून दर रविवारी मी त्या बोटीचं वजन होते.

दुपारी काठावर डबा उघडायचा. माझी भरली ढेमसं आमच्या सगळ्या नातेवाईकांत प्रसिद्ध आहेत. साहेब पोळीबरोबर पाच-सहा ढेमसं संपवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, यांची लाइफ बनली गा तुमच्यामुळे." नवरा मान खाली घालून मुकाट्याने जेवायचा. तो जेवणाला कधी नाव ठेवत नसे. हा त्याचा एक गुण मी नेहमी सगळ्यांना सांगायचे.

दिवाळीनंतर हवा स्थिर झाली आणि साहेबांनी किनाऱ्याची सफर ठरवली. बोट ट्रकवर चढवून कोकणात न्यायची, एका खाडीत उतरवायची आणि किनाऱ्याने दक्षिणेकडच्या दुसऱ्या खाडीत जायचं. परवानग्या साहेबांनी फोन फिरवून आणल्या. दुसऱ्या खाडीवर त्यांच्या ओळखीचा कोणी अधिकारी पुष्पगुच्छ घेऊन उभा राहणार होता. मला वाटतं, सफरीचं खरं कारण तो पुष्पगुच्छच होता. नवऱ्याने महिनाभर भरती-ओहोटीच्या वेळा, वारे, खडक, नांगर टाकायच्या जागा, सगळं घोकून पाठ केलं. जेवताना तो मला सांगायचा की सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारी उलटा फिरतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना त्याच्यावर लाटा उभ्या राहतात, तेव्हा आत शिरायचं नसतं. बाहेर थांबायचं. सगळं त्याला येत होतं. फक्त एक शब्द येत नव्हता, आणि त्या एका शब्दावाचून आपण चौघे बुडू शकतो, हे मला प्रताप नगरातल्या जेवणाच्या टेबलावरच कळून चुकलं होतं.

पहिल्या खाडीत बोट उतरवली तेव्हा भरती पूर्ण झाली होती. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेलं. साहेबांनी बोट धक्क्याला बांधायला सांगितली. नवऱ्याने दोर बांधला आणि हातभर ढिला सोडला.

"टाइट बांध ना गा," साहेब म्हणाले. "हालली नाही पाहिजे. तलावावर कशी बांधतो आपण?"

"साहेब, इथी पाणी..."

"टाइट."

"हो साहेब."

त्याने पुढचा आणि मागचा, दोन्ही दोर कच्चून आवळले. मग आम्ही लॉजवर जाऊन सुरमई खाल्ली आणि सगळे झोपले. चारच्या सुमाराला चहा घेऊन धक्क्यावर आलो तर तिथे गर्दी. पाणी निघून गेलं होतं. आमची बोट धक्क्याच्या भिंतीला दोन दोरांवर लोंबकळत होती, वाळत घातलेल्या सतरंजीसारखी. खाली काळा चिखल आणि त्या चिखलात आमची उशी, पाण्याच्या बाटल्या, साहेबांची पांढरी टोपी आणि माझा डब्यांचा डोलारा. आमच्या डोळ्यांदेखत पुढची कडी फायबरसकट उपटून आली आणि बोट एका दोरावर तिरकी झाली.

एका म्हाताऱ्या गृहस्थाने तंबाखू मळत विचारलं, "खंयसून इलास तुमी?"

"नागपूर," स्टोअरवाले म्हणाले.

"मगे बराबर," असं म्हणून तो शांतपणे निघून गेला. एवढा अपमान तर माझ्या सासूलाही कधी एका वाक्यात जमला नव्हता.

साहेबांनी उपटलेली कडी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "मटेरियलच हलकं आहे. ह्याची चौकशी झाली पाहिजे." पाणी पुन्हा चढेपर्यंत नवरा चिखलात गुडघाभर उतरून सामान वेचत होता. स्टोअरवाले धक्क्यावरून त्याला कुठे काय पडलंय ते दाखवत होते.

लॉजच्या व्हरांड्यात तो पाय धूत बसला होता तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुमाले माहीत होतं ना पाणी उतरन म्हणून?"

"होतं."

"मग काहून नाही बोलले?"

त्याने पायावरचा चिखल खरवडला. "साहेब सांगून राहिले होते ना."

मला त्या क्षणी त्याची इतकी शिसारी आली की मी आत जाऊन दार लावून घेतलं. आयुष्यभर मी ह्याच्याकडे भला माणूस म्हणून बघत होते. भला कसला. ज्याला खरं माहीत आहे आणि तरी जो तोंड उघडत नाही, तो मूर्खापेक्षा वाईट. मूर्खावर निदान कोणी विसंबत नाही. उद्या समुद्रावर मी ह्याच्या भरवशावर बोटीच्या नाकावर बसणार होते, आणि हा माणूस साहेबांना वाईट वाटू नये म्हणून मला बुडवेल, ह्याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नव्हती.

तरी मी सकाळी बसले. का बसले म्हणाल, तर मी न बसल्याने नाक वर झालं असतं आणि तो त्याच बोटीत असता. एवढंच कारण होतं.

सकाळ छान गेली, हे मला कबूल करावं लागेल. नवऱ्याने कडीच्या जागी फळकूट ठोकून दोर बांधला होता. जमिनीवरचा वारा शिडात भरला आणि बोट किनाऱ्याला धरून सरळ निघाली. नारळाची झाडं, देवळाचा कळस, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, सगळं हळूहळू मागे जात होतं. साहेब पांढरी टोपी धुऊन घालून सुकाणूवर बसले होते. ते सुकाणू डावीकडे वळवायचे, बोट भरकटायची आणि नवरा शिडाचा दोर ओढून किंवा सोडून ती पुन्हा सरळ करायचा. साहेबांना वाटायचं की आपणच केलं. नोकरीत हे असंच चालत असणार, हे मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसलं.

दुपारी वारा फिरला. समुद्राकडून, आमच्या पाठीमागून यायला लागला आणि दुसऱ्या खाडीचं तोंड दिसेपर्यंत चांगला जोराचा झाला. ओहोटी चालू होती. खाडीचं गढूळ पाणी बाहेर धावत होतं, समुद्राच्या लाटा आत येत होत्या, आणि दोन्ही जिथे भिडत होते तिथे पांढरा फेस उभा राहत होता. बाहेर दोन मच्छीमार होड्या नांगर टाकून निवांत थांबल्या होत्या. त्यांवरची माणसं चहा पीत आमच्याकडे बघत होती.

नवरा म्हणाला, "साहेब, जरासं थांबून जाऊ का? ओहोटीचा जोर आहे."

"तो माणूस फुलं घेऊन उभा आहे ना धक्क्यावर," साहेब म्हणाले. "सरळ घे. शीड फुल सोड."

मी नाकावरून मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. मला वाटलं, आला. आता तो गोड आवाज येणार. मी डोलकाठीचा दोर घट्ट धरला आणि मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात लाट आली. फार मोठी नव्हती, गाडीच्या बोनेटएवढी असेल. पण ती बरोबर मागून आली. निळ्या गादीवरून चढली, साहेबांच्या पाठीवर फुटली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी बोटीत शिरली. टोपी गेली. बोट मागून बसली आणि आडवी फिरायला लागली. अगदी परातीतल्या थाळीसारखी. स्टोअरवाले किंचाळले. मागे दुसरी लाट उभी राहत होती, ती मला समोरून दिसत होती.

"सरका," नवरा म्हणाला.

साहेबांना कळलंच नाही की हे त्यांना म्हटलंय. ते सुकाणू धरून तसेच बसले होते, नाकातोंडातून पाणी गाळत.

"सरका म्हणून राहिलो ना! पुढं या. खाली बसा, डोलकाठीपाशी. तुमीही."

स्टोअरवाले रांगत लगेच आले. साहेब हलले नाहीत. आणि तेव्हा, समुद्र बोटीत शिरत असताना, निवृत्त होऊन काही वर्षं लोटलेला तो माणूस म्हणाला, "तुझा सीआर मी लिहिलेला आहे, लक्षात ठेव."

नोकरीतला गोपनीय अहवाल! मला आजही तो प्रसंग आठवला की हसावं की थुंकावं ते कळत नाही.

"लिहिला ना साहेब," नवरा म्हणाला. "आता सरका."

त्याने साहेबांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरला आणि पोतं ओढावं तसं त्यांना पुढे ओढलं. मग स्वतः मागे बसला, सुकाणूचा दांडा घेतला, शिडाचा दोर माझ्याकडे फेकला आणि मला ओरडून म्हणाला, "खाली बस! अन् मी सांगतो तवा तो दोर सोडजो!" त्याने सांगितलं तेव्हा मी सोडला. शीड फडफडलं, बोट वळली, दुसरी लाट नाकावर घेतली. मी डोक्यापासून पायापर्यंत भिजले, पण पाणी आत आलं ते माझ्याच अंगावरून ओघळलं तेवढंच. वजन मध्ये आल्यावर बोट एकदम वेगळीच झाली. उठायची, उतरायची, पुन्हा उठायची. नवऱ्याने तिला तिरकी काढत काढत बाहेर नेलं आणि त्या मच्छीमार होड्यांच्या शेजारी नांगर टाकला. होडीतल्या एकाने आम्हाला चहा हवा का असं हाताने विचारलं.

आम्ही तिथे थांबलो. स्टोअरवाले पाणी उपसत होते, आयुष्यात पहिल्यांदाच. साहेब डोलकाठीच्या बुडाशी, गुडघे पोटाशी घेऊन, ओल्या शर्टात कुडकुडत बसले होते, आणि मला त्यांची मुळीच दया आली नाही. माझा नवरा सुकाणूपाशी बसून खाडीच्या पाण्याकडे बघत होता. मला त्याचा अभिमान वाटला, आणि हे सगळं आधीच का केलं नाही म्हणून रागही आला. दोन्ही एकाच वेळी. उन्हं कलली, ओहोटी थकली, वारा पडला. होड्या आत निघाल्या. त्यांच्या मागोमाग आम्ही वल्ही मारत आत गेलो. धक्क्यावर कोणी नव्हतं. पायरीवर गुलाबाच्या दोन पाकळ्या पडल्या होत्या, त्या त्याच पुष्पगुच्छाच्या होत्या की नाही ते मला माहीत नाही.

बोट ट्रकवर चढली, आम्ही रेल्वेने परतलो. साहेब वरच्या वर्गाच्या डब्यात गेले. नागपुरात सगळ्यांना त्यांनी सांगितलं की समुद्र खवळला होता, पण आपण परिस्थिती हाताळली. नवऱ्याला त्यांनी फिरायला बोलावणं बंद केलं. पहिले काही दिवस तो सकाळी बूट घालून फाटकाशी घुटमळायचा. मग एकटाच जायला लागला, आणि मी गच्चीवरून पाहिलं तर तो रस्त्याच्या मधोमध चालत होता. मला फार बरं वाटलं. जो भेटेल त्याला मी सांगत होते की आमच्या घरचा माणूस आता कोणाचं ऐकून घेत नाही.

साहेबांचा बोटीतला रस संपला होता, आणि बोट ट्रकने परस्पर तलावावरच आणून टाकली होती. त्यामुळे एका रविवारी नवरा म्हणाला की तो एकटाच तलावावर जाऊन बोट काढणार आहे. मी लवकर उठून डबा केला. पोळ्या, लोणचं, आणि खास त्याच्यासाठी भरली ढेमसं. डबा त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उघडून पाहिलं, वरचा कप्पा काढला आणि ओट्यावर ठेवला.

"हे नको," तो म्हणाला.

"काहून?"

"मले नाही आवडत ढेमसं."

मला वाटलं, गंमत करतोय. "कवापासून?"

त्याने खरंच विचार केला. घाईत नव्हता, रागावलेलाही नव्हता. "पहिल्यापासूनच," तो म्हणाला.

आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली, तितकी वर्षं दर आठवड्याला आमच्या घरी ढेमसं होतात. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मग इतके वर्ष काहून नाही बोलले?"

नवऱ्याने डब्याचं झाकण लावलं, चपला घातल्या, आणि मला अजिबात न दुखावता, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तू वाढून राहिली होती ना."